डावीकडची काच

गाडीत बसले की नानांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "थोडक्यात सांगतो." ते थोडक्यात माले गावात सुरू होई आणि पौडच्या स्टँडवर दुधाची किटली घेऊन नाना खाली उतरले तरी संपलेलं नसे.

मी मूळचा नांदेडकडचा. नोकरी उरवड्याच्या एका कारखान्यात आणि भाड्याची खोली माल्यात, नानांच्या घरी. पौडला त्यांच्या लेकीचं चहाचं हॉटेल होतं. तिला दूध पोचवायला ते रोज सकाळी माझ्याबरोबर येत. घरात त्यांचं ऐकायला कोणी उरलं नव्हतं. काकूंनी तीस वर्षांपूर्वीच "पुरे आता" म्हणून टाकलं होतं आणि मुलं मोबाईलमधून मान वर काढत नसत. बोलायला त्यांना दिवसाची तेवढी वीस मिनिटं मिळत, आणि एक श्रोता. गाडी तोच चालवत असल्यामुळे त्याला उठून जाता येत नसे. मी घुमा माणूस. मला सकाळी स्वतःचा आवाजही सहन होत नाही.

पौषात धरणाकडून बोचरा वारा सुटे आणि गाडीच्या काचा आतून धुरकट होत. मांडीवर ताज्या दुधाची कोमट किटली, तोंडाचा पट्टा चालू आणि हातातल्या उपरण्याने काच पुसणं चालू, असे नाना. एकदा कोणाचं तरी ऐकून त्यांनी अर्धा बटाटा आणला आणि काचेवर घासला. वाफ तशीच राहिली, वर बटाट्याच्या रेघा उमटल्या. त्या रेघांमधून बघत नाना म्हणाले, "सायेब, पुढं म्हैस हाय."

"कुठे?"

"आता मागं गेली."

मी म्हणालो, "नाना, तुमच्या बोलण्यानेच वाफ धरते." रागात बोललो, पण तेव्हा मलाही ते अर्धंमुर्धं खरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी नाना नाकापर्यंत मफलर गुंडाळून आले. चकार शब्द नाही. शेवटी रविवारी मी गाडीचं पुस्तक उघडून वाचलं. ट्रकचा धूर नको म्हणून आतलीच हवा फिरवायचं बटण मी वर्षभर लावून ठेवलं होतं. बाहेरची हवा आत घ्यायची, एसी लावून ती कोरडी आणि जरा गरम करायची, की झालं. सोमवारी मी गुपचूप तसं केलं. पुढची काच हां हां म्हणता निवळली. नानांनी काचेकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या मफलरकडे, आणि समाधानाने मान डोलावली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. गाडीत इतकं शांत वाटत होतं! पुढे दोन महिने मी रोज त्यांच्या नजरेआड ते बटण फिरवत राहिलो.

बाजूच्या काचा निवळायला वेळ लागे. एका सकाळी नानांनी डावीकडच्या काचेवर बोटाने लिहिलं, "बोलू का?" मी मान हलवली. नको. त्यांनी अंगठ्याने मागे खूण केली. मला वाटलं, मागच्या म्हशीची आठवण काढतायत. पौडच्या अलीकडे गाडी खडखडत एका बाजूला कलली. नाना खाली उतरले, मफलर सोडला आणि म्हणाले, "आता भाईर हाय, बोलतो. मागलं चाक घरापास्नंच बसलंय."

चाकही त्यांनीच बदलून दिलं. तरी बटणाचं मी सांगितलं नाहीच.

पुढच्या आठवड्यात त्यांना ताप आला. मी एकटाच निघालो. गाडीत बोलणारं कोणी नाही, तरी काचा धुरकटल्या. आणि डावीकडच्या काचेवर, वाफ जमेल तशी, जुनी अक्षरं वर आली. बोलू का?

ताप उतरल्यावर नाना आले, तेव्हा गाडी सुरू करण्याआधी मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ते बटण फिरवलं, मागे आणलं, पुन्हा फिरवलं.

"येवढंसं बटान," ते म्हणाले. "दोन म्हैनं मी गोठ्यातल्या म्हशीसंगं बोलतोय. तिला माजं समदं पाठ झालंय, सायेब."

"चुकलंच माझं, नाना."

मफलर गळ्यातच होता, तोंड मोकळं होतं, आणि तरी ते पौडपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. तेवढा लांब रस्ता मला आयुष्यात लागलेला नाही. स्टँडवर किटली घेऊन उतरले, दार लावलं, चार पावलं गेले, परत आले आणि काचेवर टकटक केलं. मी काच खाली घेतली.

"उंद्या थोडक्यात सांगतो," नाना म्हणाले.

नंतर तीन हिवाळे त्यांनी सांगितलं. कुठल्या बांधावर कुणाची भांडणं झाली, कोणत्या म्हशीने कोणाला पाडलं, सगळं मला पाठ आहे. मागच्या श्रावणात नाना गेले.

डावीकडची काच मी आतून कधी पुसली नाही. थंडीच्या सकाळी ते बटण आता मी लगेच फिरवत नाही. काचेवर वाफ धरू देतो. फिकट का होईना, दोन शब्द अजून उमटतात.

"बोला, नाना," मी म्हणतो, आणि मग बटण फिरवतो.