बिस्किटाच्या रंगाचं पान

माऊसला हात लावण्याआधी त्या दोन्ही हात पदराला पुसायच्या. हात कोरडेच असायचे, तरी पुसायच्या. मग बोटं हलकेच माऊसवर टेकवून म्हणायच्या, "घाई नाही गं. पण होईल ना?"

मुलुंड पूर्वेला आमचं छोटं वाचनालय आहे, मी तिथली ग्रंथपाल. मंगळवारी दुपारी वाचक फारसे नसतात, तेव्हा मी ज्येष्ठांना कॉम्प्युटर शिकवते. बहुतेकांना नातवंडांचे फोटो पाहायचे असतात, नाहीतर विजेचं बिल भरायचं असतं. ह्या मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला वेबसाइट करायची आहे. एकच पान. माझ्या नावाचं."

"काही विकायचंय का, मावशी? लोणची, पापड?"

"छे गं. एका बाईला मी सापडायला हवी."

त्यांना ईमेल म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. मी मनात म्हटलं, चार मंगळवार येतील आणि थांबतील. तुम्हीही असे उत्साही लोक पाहिले असतील. पण मावशी त्यातल्या नव्हत्या. दर मंगळवारी तीनला पाच मिनिटं असताना त्या खिडकीजवळच्या कॉम्प्युटरसमोर बसलेल्या असायच्या, आणि बाहेरच्या गुलमोहराची सावली त्यांच्या पांढऱ्या केसांवर हलत असायची.

हळूहळू गोष्ट कळली. एकोणिसाव्या वर्षी त्या मुलुंडच्या एका बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगला लागल्या. टेबलावर समोर त्यांच्याच वयाची एक मुलगी बसायची. दोघी एका डब्यात जेवायच्या. मैत्रिणीला एक खोड होती, चूक दिसली की तिला गप्प बसवत नसे. कुणी गाण्याचे शब्द चुकवले तरी ती मध्येच थांबवून दुरुस्त करायची.

"एकदा मी चुकीची लेबलं लावली," मावशी म्हणाल्या. "दोनशे पुड्यांना. सुपरवायझरने विचारलं, कुणी केलं? सगळ्या जणी खाली बघत बसल्या. मैत्रिणीने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, हिने केलंय म्हणून. माझ्यासमोर."

"मग?"

"मला आठ दिवस घरी बसवलं. मी बोलणं सोडलं. महिन्याभरात तिचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला ती घरी आली, तर मी आतल्या खोलीतून बाहेर आले नाही."

लग्न होऊन ती गेली. पुढे कारखानाही बंद पडला, तिथल्या बाया पांगल्या. आता तिथे उंच इमारत आहे. मैत्रिणीचं सासरचं नाव मावशींनी ऐकलंच नव्हतं, पत्रिका उघडली नव्हती म्हणून.

"बाईला शोधायचं कसं?" त्या म्हणाल्या. "तिचं नावच बदललेलं असतं. माझंही बदललं. म्हणून म्हटलं, आपण आपलं जुनं नाव लावून एका जागी बसावं."

पानाच्या माथ्यावर त्यांनी माहेरचं नाव लिहिलं. ते मी इथे लिहीत नाही. जोडाक्षर टाइप करायला त्यांना एक अख्खा तास लागला. जमलं तेव्हा त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि बराच वेळ त्या नावाकडे पाहत राहिल्या. पंचेचाळीस वर्षांत ते कुणी लिहिलं नव्हतं.

त्यांचे प्रश्न मला अजून आठवतात. 'होम' वर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे घर, तर मग बाकीची पानं कुठे राहतात?" एकदा कॉम्प्युटर बंद करताना थबकल्या. "आपण हा बंद केला तरी आपलं पान राहतं?"

"राहतं."

"उघडंच?"

"उघडंच. कुणीही, कुठूनही बघू शकतं."

त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. त्या रस्त्यावरून, त्या गुलमोहराखालून, कोणीतरी आत्ता त्यांच्या पानाकडे चालत येतंय असं त्यांना दिसत असावं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मी पुढच्या आजोबांचा पासवर्ड तीनदा चुकवला.

रंग निवडायला दोन मंगळवार गेले. मी निळा सुचवला, त्यांना नको होता. शेवटी भाजलेल्या बिस्किटासारखा एक पिवळट तपकिरी सापडला. "हा," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून श्वास घेतला, जणू स्क्रीनमधून व्हॅनिलाचा वास येणार होता.

मजकूर दहा-बारा ओळींचा. कारखान्याचं नाव, पॅकिंग खातं, टेबलाचा नंबर. 'शनिवारी सुट्टी झाल्यावर आम्ही दोघी मागच्या बदामाच्या झाडाखाली बसून तुटकी बिस्किटं खायचो.' खाली मी एक चौकोन करून दिला, कुणाला काही कळवायचं असेल तर लिहिता येईल असा.

पाच महिने त्या चौकोनात काही आलं नाही. एक जाहिरात आली, तीही मावशींनी नीट वाचली. मी हळूच म्हटलं, "मावशी, ती इंटरनेट बघत नसेल कदाचित." त्यांनी मान हलवली. "तिच्या घरात कुणीतरी बघत असेल ना. घाई नाही गं."

मग एका मंगळवारी चौकोनात तीन वाक्यं होती. नाव नव्हतं.

'तिथे बदाम नव्हता. बुचाचं झाड होतं. लिहिण्याआधी नीट आठवावं.'

मला रागच आला. मी म्हटलं, "काय लोक असतात, मावशी. मनावर घेऊ नका, आपण दुरुस्त करू." वळून पाहिलं तर त्यांनी तोंडाला पदर लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. रडताहेत की हसताहेत, मला कळेना.

"मला माहीत होतं बूच होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "फुलं खाली पडायची, आम्ही त्यांचे देठ विणून वेण्या करायचो. बदाम मी मुद्दाम लिहिला. म्हटलं, ही चूक दिसली तर ती बसायची नाही गप्प."

एवढे महिने मी त्यांची वेलांटी, मात्रा सुधारत होते. त्या एका शब्दाला त्यांनी मला हात लावू दिला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं.

उत्तर त्यांनी त्याच चौकोनात, त्या वाक्यांखाली, स्वतः टाइप केलं, एकेक अक्षर शोधत. मी मदत करायला गेले तर हाताने थांबवलं. 'तुझं बरोबर आहे. तेव्हाही तुझं बरोबर होतं. मी आतल्या खोलीत होते.'

पाठवायचं बटण दाबायला त्यांना जमेना. बोट वर आणायच्या, मागे घ्यायच्या. मग एकदा दाबलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मैत्रीण बोरिवलीला होती. सुनेने फोनवर कारखान्याचं नाव सहज घालून पाहिलं, तेव्हा हे पान निघालं होतं. 'माझे गुडघे गेलेत, तू ये. येताना काही आणू नकोस,' एवढंच लिहिलं होतं.

एकटीला धीर होईना म्हणून मावशींनी मला सोबत नेलं. मैत्रिणीने काठी टेकत स्वतः दार उघडलं. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या. मग मैत्रीण म्हणाली, "उजवी चप्पल डाव्या पायात घातलीयेस."

मावशींनी खाली पाहिलं. खरंच घातली होती. मुलुंडपासून तशाच आल्या होत्या.

मी चहा न घेता निघाले. त्यानंतर मावशी वर्गाला आल्या नाहीत. एकदा फोन आला, "मंगळवारी मी बोरिवलीला असते गं." सव्वादोन वर्षं त्या दर मंगळवारी तिकडे जात होत्या. मागच्या थंडीत झोपेतच गेल्या. त्यांच्या मुलाने मला कळवलं, तेव्हा बोरिवलीला कळवायचं काम माझ्याकडे आलं. मैत्रिणीने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठल्या कुशीवर होती?" मला ते माहीत नव्हतं.

मला मात्र त्या डोळ्यांसमोर येतात त्या बोरिवलीच्या त्या पहिल्या दिवशीच्या. रस्ता ओलांडून मी वर पाहिलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या, ऊन कलतं झालं होतं. मैत्रीण बोट नाचवून काहीतरी ठासून सांगत होती, आणि मावशी तिच्याकडे वळून, हनुवटी हातावर टेकून, नुसत्या ऐकत होत्या.