आखडलेला दोर

अड्याळजवळच्या एका गावात मी पहाटे दोन तास पोरींना धावायला शिकवायचो. नोकरी पक्की नव्हती, बोलावलं तेवढे दिवस जायचं. तरी लोक 'सर' म्हणायचे आणि ते मला फार आवडायचं. खोटं कायले बोलू?

मैदानावर दोनशे मीटरचा गोल मीच आखला होता. सुती दोर एकदा मोजून घेतला आणि त्याच्या मापाने चुना टाकला. पावसात चुना धुऊन गेला की पुन्हा तोच दोर घेऊन बसायचं.

त्या पोरींत एका ढिवराची लेक होती. बाप तलावात मासे धरायचा, ही दिवसभर दुसऱ्यांच्या बांधीत धानाच्या रोवणीला जायची. पोलीस भरतीत वयात बसायची तिची ही शेवटची वेळ. आठशे मीटर धावायचं, म्हणजे माझे चार फेरे. माझ्या घड्याळात ती पूर्ण गुणांच्या वेळेत यायची आणि मी ते गावभर सांगत फिरायचो.

एकदा ती दबकत म्हणाली, "सर, मोबाईलमध्ये आठशे भरून नाही राहिले."

माझं डोकंच सटकलं. "मोबाईलवर भरोसा हाय का माह्यावर? तू धाव. मोजमाप मले शिकवू नको."

सगळ्या पोरींसमोर बोललो. त्यानंतर तिने मोबाईल आणलाच नाही.

भरतीला आठ दिवस उरले असताना मैदानाची भिंत बांधायला मिस्त्री आला. त्याच्या टेपचं एक टोक धरलंच होतं, म्हणून सहज गोलही मोजून पाहिला. अकरा मीटर कमी. दोर भिजून भिजून आखडला होता. चार फेऱ्यांत चव्वेचाळीस मीटर!

तिला त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. आठ दिवसांत वेग वाढला नसता, पण दम कुठं राखायचा ते तरी कळलं असतं. मी मनाला समजावलं, आता सांगितलं तर पोरगी खचेल. ते अर्धंच खरं. खरी भीती माझ्या इज्जतीची होती. जुन्याच रेषेवर तिला रोज पळवलं, वर शाबासकीही दिली. लाज वाटते आता.

भरतीच्या दिवशी भंडाऱ्याला मी मैदानाच्या जाळीबाहेर उभा होतो. सवयीप्रमाणे तिने शेवटचा जोर लवकर लावला आणि शेवटच्या चाळीसेक मीटरवर तिचे पाय उचलेनात. वेळ ऐकली तेव्हाच कळलं, गुण पुरणार नाहीत.

बाहेर आली तेव्हा ती रडत नव्हती. चपला घालता घालता, खाली पाहूनच म्हणाली, "माफ करा सर. तुमी तं बरोबर तयारी करून देल्ली होती. माह्यातच दम नव्हता."

सगळं जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "होऊन जाते कधीकधी, बाई. मनाले लावून घेऊ नको."