बाजीचा पट्टा

सुनेनं आज कुकरला हुलगे लावले आणि त्या वासासरशी मी सोलापुरातल्या आमच्या टांग्याच्या तबेल्यात जाऊन उभी राहिले. सत्तरच्या दशकात मी तिथं नवी सून होते.

सासऱ्यांचा बाजी घोडा म्हातारा, नुसत्या बरगड्या. लाकडी गव्हाणीची कड दातांत धरून सारखा वारा गिळायचा. वैरण तशीच पडून राहायची. ही खोड मोडावी म्हणून सासऱ्यांनी गव्हाणीच्या कडेला तिखट फासलं, तर ते त्यानं चाटून साफ केलं.

"सोलापूरचाच की त्यो," माझ्या तोंडून निघून गेलं.

सासरे हसले नाहीत. "संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत इकून टाकतो."

दातांत धरायला लाकूडच मिळू नये म्हणून मी बाजीला दगडी भिंतीशी बांधलं. झिजलेल्या दातांना सोसावं म्हणून शिजलेले हुलगे पाट्यावर रगडून, गूळ घालून, घमेल्यातनं दिवसभर थोडे थोडे चारले. शेजारणी म्हणायच्या, "घोड्याला बाळंतिणीचं खाणं लावलंय हिनं."

जत्रेच्या सकाळी सासऱ्यांनी बाजीला टांग्याला जुंपलं. पोटाचा पट्टा ओढला, तो नेहमीच्या भोकापर्यंत पोचेना. पुन्हा ओढला. शेवटी एक भोक सैल सोडून अडकवला, बुजलेल्या बरगड्यांवरनं हात फिरवला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले,

"हुलगे सरले असतील. येताना पोतंच आणतो."