येरझारेकाकांचा अंगठा

येरझारे हे काकांचं खरं आडनाव नव्हे. ते आम्ही वाजवणाऱ्यांनी ठेवलेलं. बिबवेवाडीतल्या एका खोलीच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात काका कधी बसलेले दिसायचेच नाहीत. कानस दोनदा फिरवायची की उठायचं, दारापर्यंत जायचं, रस्त्यावर बघायचं, परत यायचं. समोरच्याला भोवळ यायची. पण मँडोलिनचे पडदे, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, त्यांच्याइतके एका पातळीत पुण्यात दुसरं कुणी आणत नसे.

ते स्थिर व्हायचे फक्त वाद्य तपासताना. एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकायची, तारांच्या ताणाने ती किती वाकलीय ते बघायचं आणि मग एकेका पडद्यावरून अंगठा फिरवायचा. केसाएवढा उंचवटाही त्या अंगठ्याला कळायचा. "पडद्याचं टोक टोचलं की माणूस गाणं सोडून बोटाकडे बघतो," म्हणायचे.

घाई त्यांना खपत नसे, स्वतःच्या पायांची सोडून. मान सरळ केली की तारा चढवून वाद्य चार दिवस नुसतं ठेवायचं, मगच पडद्यांना हात लावायचा, हा त्यांचा नेम. मी हिंजवडीच्या बसमधून उतरून धापा टाकत जायचे. "उद्या मिळेल का काका?"

"मिळेल की. दुरुस्त होऊन हवं असेल तर मात्र सोमवारी या."

दोन वर्षांपूर्वी माझं मँडोलिन परत देताना त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "कसं झालंय? खरं सांगा. साखरेमुळे अंगठा बधिर झालाय, हल्ली नीट कळत नाही." मी वाजवलं. पाचवा पडदा जास्त घासला गेला होता; तिथे बोट ठेवलं की तार पुढच्या पडद्याला लागून झणझणायची. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. बाहेर रिक्षा उभी होती, आणि खरं म्हणजे मला त्यांचा तो चेहरा बघवेना. "झकास झालंय," मी म्हणाले.

"मग हिचं करायला घेतो," ते खुलून म्हणाले. हिचं म्हणजे काकूंचं. काकू गेल्यापासून ते मँडोलिन तसंच पडून होतं. नातीला द्यायचं होतं, पण अंगठ्याच्या भीतीने त्यांनी हात लावला नव्हता. मी तिथेच तोंड उघडायला हवं होतं. रिक्षा वळवावी असं वाटेत दहादा वाटलं, वळवली नाही. पुढचे पंधरा दिवस फोन उचलायचे आणि ठेवायचे. ते दिवस आठवले की आजही माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

शेवटी त्यांचाच फोन आला. "तुमचे कान खराब आहेत की मन चांगलं आहे, एवढंच विचारायचं होतं."

मी होते तशी निघाले. काकूंचं मँडोलिन टेबलावर होतं, पडदे जागोजागी नको तितके घासलेले.

"चुकलं माझं, काका."

"ते राहू द्या. वाजवा, आणि या खेपेला खरं सांगा."

मी एकेक पडदा वाजवून पाहिला. रडू येत होतं, तरी सांगितलं, "तीन ठिकाणी झणझणतंय, काका."

"तीन?" काकांनी कानस फडक्यात गुंडाळली. त्यानंतर त्यांनी कुणाचंही वाद्य हातात घेतलं नाही. गुंडाळताना एवढंच म्हणाले, "मला दोनच ऐकू आली होती."