त्सुनेयो टाचांवर बसली

आमच्या गरम कुंडांच्या सरायीत त्सुनेयोनं माझ्याबरोबर एकवीस वर्षं पाहुण्यांची ताटं वाहिली. वाहणं सोपं. कसब पुढचं. दारासमोर गुडघे दुमडून टाचांवर बसायचं, कागदी दार दोन टप्प्यांत सरकवायचं, मग कपाळ चटईला लागेल असं वाकायचं. उभ्यानं दार उघडते ती हमालीण. नवरा गेल्यापासून ती राहायलाही सरायीतच होती. बाहेर तिचं कुणी नव्हतं.

मार्चमध्ये मागच्या जिन्यावर बर्फात घसरली. उजव्या गुडघ्याखाली नडगीचं डोकं फुटलं, सांधा खचला. डॉक्टरनं खचलेलं हाड वर उचललं, बाजूला धातूची पट्टी बसवून आठ स्क्रूंनी आवळलं.

"तीन महिने या पायावर भार टाकायचा नाही. आणि टाचांवर बसणं विसरा, आजी."

"आजी कुणाला म्हणतो मेला! त्रेपन्नची आहे मी," ती मागाहून माझ्यापाशी फणफणली.

मालकीणबाई खरबूज घेऊन भेटायला आल्या. आवाज मधासारखा. "त्सुनेयो-सान, घाई नाही हं. एप्रिलअखेर सुट्ट्यांचे पाहुणे येतील, तेव्हा बसून दाखव. नाहीच जमलं, तर तुझी खोली नव्या मुलीला देते. तीही बिचारी लांबून येते."

टाके निघून जखम सुकली, तशी आम्ही दोघी रोज पहाटे कुंडात उतरायला लागलो. या पाण्यात हाड सांधतं, हे आमच्याकडं पोरंसोरंही सांगतात.

"डॉक्टर भार नको म्हणाला ना गं?" मी विचारलं.

"पाण्यात कसला आलाय भार? माणूस तरंगतं. दाब खांदे."

"ओरडशील."

"ओरडले तर बुडव."

मी दाबायची. ती दात आवळून टाचांकडं जायची. रोज बोटभर खाली.

सुट्टीच्या पहिल्याच दिवशी टोकियोचं एक म्हातारं जोडपं आलं. मालकीणबाई पाठीमागं उभ्या. त्सुनेयोनं ताट ठेवलं आणि बसली. कच्चा मुळा मोडावा तसा आवाज शेजारच्या दाराशी मला ऐकू आला. तिनं दार सरकवलं, दोन टप्प्यांत. वाकली. कपाळ टेकलं ते टेकलंच.

पाहुणेही वाकले. ती उठेना, म्हणून पुन्हा वाकले.

"बघा," पाहुणी नवऱ्याला म्हणाली, "असा मान आता शहरात कोण देतं?"

मालकीणबाई हसल्या. "पुरे आता, त्सुनेयो-सान. सूप निवतंय."

इस्पितळात कळलं, स्क्रू हाडातून उखडले होते, सांधा पुन्हा खचला होता. दुसऱ्यांदा दोन पट्ट्या घातल्या. गुडघा आता खुर्चीत बसण्याइतकाही दुमडायचा नाही, असं डॉक्टरनं मला बाहेर सांगितलं. तिला नव्हतं सांगितलं.

मी आत गेले तेव्हा ती भुलीतून नुकती बाहेर येत होती.

"पाहुणे काय म्हणाले गं?"

"खूश झाले."

"मग? बसले की नाही मी? ठेवतील ना आता?"

"बसलीस," मी म्हटलं.

नव्या मुलीला खोली द्यायची म्हणून त्सुनेयोच्या कपड्यांचं बोचकं मीच सकाळी बांधलं होतं. ते इस्पितळाच्या या खोलीच्या दाराबाहेर बाकावर होतं.