बसून वाजवलेला ब्लूज

एसटीला उशीर होता आणि बा माझ्या ट्रंकेवर टेकायला तयार नव्हता. ट्रंक नवी, पत्र्याची. दबेल म्हणून तो फाट्यावर उभाच राहिला. आई भाकरीचं फडकं सोडून पुन्हा बांधत होती. गाडी दिसली तसा बा म्हणाला, “कुटं बी जा. पर कुनाच्या दारात हुबा ऱ्हाऊ नगंस.” एवढंच. जपून जा नाही की पोचल्यावर कळव नाही. खिडकीतून हात केला तेव्हा तो पाठ करून वाडीकडे चालायलाही लागला होता. आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. मी पुण्याला आयटीआयला निघालो होतो आणि ताम्हिणीच्या त्या डोंगरातून सुटल्याचा मला आनंदच झाला होता.

गावात राहिलेल्यांनो, बाच्या बोलण्याचा अर्थ तुम्हाला कुणी सांगायची गरज नाही. पण माझ्यासारखी जी बाहेर पडली त्यांच्या पोरांना तो कळायचा नाही, म्हणून लिहितो. माझा बाप सनई वाजवायचा. तुमच्या लग्नात मांडवाच्या बाहेर उभा राहून, वरात आल्यापासून पंगती उठेपर्यंत. बसायची मुभा नाही. जेवण सगळ्यांच्या शेवटी, लांब, घरून आणलेल्या ताटात. पाटील पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, “आरं, ह्यांच्या रक्तातच हाय!” बा रोज पहाटे ओढ्याकाठी ओठ फुटेस्तोवर रियाज करायचा, ते पाटलांनी कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर कौतुक करायला रक्त पुरलं नसतं.

मग आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. बानं आधी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, आणि एका सकाळी सनई मोडून चुलीत घातली. त्या दिवशी माझ्या अंघोळीचं पाणी सनईवर तापलं. त्यानंतर एक अख्खा हंगाम आमच्या माणसांना कुणाच्या शेतात काम मिळालं नाही, गिरणीवाल्यानं दळण घेतलं नाही. आई पौडला चालत जाऊन दळून आणायची. हे करणारे तुम्हीच होता. नावं घेत नाही, पण विसरलोही नाही.

आयटीआय झालं, पिंपरीत फिटर म्हणून चिकटलो. खडकीला खोली घेतली ती कारखान्यात माझ्याच खात्यात असलेल्या स्टॅन्लीबरोबर. स्टॅन्ली खडकीतच वाढलेला, मराठी आमच्यासारखीच बोलणारा, फक्त प्रत्येक वाक्याला ‘मॅन’ लावणारा. त्याच्याकडे एक जुनी गिटार होती आणि ब्लूजच्या घासून गेलेल्या कॅसेट. ही अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची गाणी, त्यांच्या आज्या-पणज्यांना गुलाम म्हणून विकत घेतलं होतं, हे त्यानं सांगितलं तेव्हा मी ती कॅसेट उलटून पुन्हा लावली. एकच ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्यांदा तिला उत्तर द्यायचं, अशी रीत. माझा काका शेतावरून आल्यावर असाच बोलायचा.

मी शिकायला लागलो. तीन कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सुरांचे तीन झुबके, आणि बारा बारचं चक्र, बारा तुकडे संपले की पुन्हा पहिल्यापासून. बोटांना फोड आले, फुटले, त्यात कारखान्याचं तेल गेलं. चक्र पाठ झालं, पण स्टॅन्ली मागे कॉर्ड धरून “हं, आता तुझं वाजव” म्हणाला की माझं घोडं अडायचं. मी शिकलेले सूर खालून वर आणि वरून खाली वाजवायचो, एकही न चुकता. फिटरचा हात होता माझा, मोजपट्टीच्या दोन रेघांच्या मधलं काही त्याला खपत नसे. स्टॅन्ली वैतागायचा. “पाढे काय म्हणतोस मॅन? बोल ना काहीतरी!” काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं.

ते मला गावानंच पुरवलं. एका शनिवारी घरी गेलो होतो. पाटलांच्या नातवाचं लग्न ठरलं होतं आणि ते स्वतः आमच्या दारात आले होते. आता कुठे राहिलीय जातपात, हौस म्हणून वाजव, सनई आम्ही आणून देऊ. बा म्हणाला, “न्हाई.” त्यांनी पुन्हा घोळवलं. “न्हाई म्हंजी न्हाई.” मग पाटलांनी माझ्याकडे बघून हसत म्हटलं, “ह्यो तर शहरात गिटार वाजवतुया म्हनं. शेवटी रक्तातच हाय, जातंय कुटं?”

मी घरी गिटारचं अवाक्षर काढलं नव्हतं. पाटील गेले आणि बा माझ्यावर उलटला. “परत वाजंत्रीच व्हायाचं व्हतं तर मी कशापायी जाळली?” मी म्हणालो, हे वेगळं आहे. “समदं येकच आसतं. वाजवायचं आसंल तर ह्या घरात पाय ठिवू नगंस.” आई मध्ये पडली, तिलाही त्यानं गप्प केलं. मी ताटावरून उठून फाट्यावर आलो. सबंध रस्ताभर माझं डोकं फुटायला आलं होतं. पाटलांचा राग येत होताच, पण बाचा त्याहून जास्त येत होता. ज्यांनी त्याला मांडवाबाहेर उभं ठेवलं त्यांना ‘न्हाई’ म्हणून भागत होतं आणि मला मात्र घर बंद?

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टॅन्लीच्या मामाच्या व्हरांड्यात रविवारी आळीपाळीनं वाजवणारी नेहमीची मंडळी जमली होती. माझी पाळी आली. पहिल्याच सुरावर रागानं बोट तारेला इतकं रेटत गेलं की तार आपल्या जागेवरून वर ओढली गेली. सूर सरकला. पुढच्या सुराला मिळाला नाही, मधेच कळवळत थांबला. तो आवाज मला माहीत होता. नवरी दारात आली की बाची सनई अशीच खालून सूर घेत वर चढायची. मग मी पाढे सोडले. ‘न्हाई म्हंजी न्हाई’ वाजवलं. थांबलो. पुन्हा तेच वाजवलं. आणि तिसऱ्यांदा बानं पाटलांना जे ऐकवलं नव्हतं ते सगळं वाजवलं, ओढा, गिरणी, चुलीतली सनई. चक्र कितीदा फिरलं मला ठाऊक नाही. स्टॅन्ली ओरडत होता, “बोलला! बोलला!” इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता, आणि राग तसूभरही कमी झाला नव्हता.

थांबलो तेव्हा डेक्कनकडून आलेला एक कॉलेजचा मुलगा पुढे आला. माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं. मग चेहरा उजळून म्हणाला, “तरीच! तुमच्या लोकांच्या रक्तातच असतं ना हे.”

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच जास्त झोंबलं. दोन वर्षं फुटलेली बोटं मी त्याच्या नाकासमोर धरली आणि आत निघून गेलो. बानं सनई का जाळली ते मला त्या व्हरांड्यात कळलं. त्याला सुरांचा कंटाळा आला नव्हता. त्याचं पहाटेचं कष्टाचं धन लोक जातीच्या नावावर जमा करत होते.

पण हे घरी जाऊन सांगायचं कसं? वर्ष उलटलं, मी गावी गेलो नाही. आई कुणाकुणाबरोबर तांदूळ पाठवायची, बाचा निरोप कधी नसायचा. आणि एका रविवारी बा स्वतःच खोलीच्या दारात. आत येईना. “कुनाच्या दारात वाजवतुस?”

“कुणाच्याच नाही. इथंच.”

“वाजव.”

खोलीत खुर्ची एकच. मी ती त्याला दिली, गिटार गळ्यात घातली आणि भिंतीशी उभा राहिलो. पहिला सूर निघायच्या आत बा उठला. “तू बस. मी हुबा ऱ्हातो.” मी नको नको म्हणत होतो, त्यानं खांद्याला धरून मला खुर्चीत बसवलं. जन्मभर उभं राहून वाजवलेला माणूस माझं ऐकायला उभा राहिला. मी वाजवलं. डोळे वर करून बघायची हिंमत झाली नाही. चक्र संपलं तसा तो म्हणाला, “ते मधी सरकवलंस, ते पुन्यांदा घे.” मी घेतलं. “आजून वाईच.” त्या दिवशी मला माझं घर परत मिळालं, खडकीच्या भाड्याच्या खोलीत. तरी त्या खोलीत दुसरी खुर्ची नव्हती याचा मला आजही संताप येतो.

आता मी चिंचवडला राहतो, बा-आई माझ्याकडेच असतात. परवा गावची दोन पोरं येऊन गेली. यंदा जत्रेत स्टेज घालणार, लाइट, माइक सगळं आहे, आपल्या गावचा कलाकार म्हणून तुम्ही या. निघताना त्यातला एक म्हणालाच, रक्तातच हाय तुमच्या. पोरं निघून गेल्यावर मी बाला विचारलं. तो म्हणाला, “तुजं तू बग.” मग भिंतीकडे बघत, “पर मला बी न्ये.”

तेव्हा हा माझा निरोप. येतो. वाडी माझं घर आहे की नाही ते तिथं आल्यावर ठरवीन. स्टेजवर दोन खुर्च्या मांडा. आधी बा बसेल, मग मी बसेन, आणि तोवर तुम्ही उभे राहा.