अधांतरी चुंबक आणि मनकर्णाबाईची गाय

बिडकीनच्या आसपास बद्रीनाथला सगळे डॉक्टर म्हणायचे. आता खरं बोलायचं तर डॉक्टर कसला, गायी-म्हशी भरवायचं, म्हणजे कृत्रिम रेतनाचं, शिक्षण घेतलेला माणूस. मोटारसायकलला द्रव नायट्रोजनचा कॅन बांधायचा, त्या गारठ्यात वळूच्या बीजाच्या कांड्या बुडवलेल्या, आणि कुणाची हाक आली की निघायचं. वडिलोपार्जित जमीन कंपन्यांच्या वसाहतीत गेली तेव्हा मोबदल्याच्या पैशातून भाऊबंदांनी जीपा घेतल्या, यानं हा कॅन घेतला. काम मात्र चोख करायचा. पण कुणी डॉक्टर म्हणालं की गडी असा फुलायचा, काही विचारू नका.

एकोणीस सालचा दुष्काळी उन्हाळा. जनावरं चारा छावणीत उभी, आणि शहर पैठण रोडनं पुढं पुढं सरकतंय. त्याची लेक तनुजा शहरात एम.एस्सी. करत होती. कॉलेजच्या प्रदर्शनात तिचा प्रयोग होता, अन् कॉलेजचा नायट्रोजन ऐनवेळी आलाच नाही.

"पप्पा, ही काळी चकती नायट्रोजननं गारठवली की सुपरकंडक्टर होते," तिनं समजावलं. "मग चुंबक तिच्यावर अधांतरी राहतं, ढकललं तरी जागा सोडत नाय. अशीच दोन अवकाशयानं एकमेकांना न टेकता धरून ठेवता येतील. तिथं सावलीत गारठा फुकटच की. तुमच्या कॅनमधला वाटीभर द्या फक्त."

वाटीभर द्यायला काय जातं? बद्रीनाथ स्वतःच कॅन घेऊन गेला. पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. चुंबक अधांतरी थांबलं, टाळ्या पडल्या, आणि निवेदक बोलून गेला, "नायट्रोजन देणारे डॉक्टर बद्रीनाथ, तनुजाचे वडील." झालं! पाहुणे म्हणाले, पुन्हा एकदा दाखवा. यानं पुन्हा ओतला. मग येईल त्याला दाखवत सुटला.

"पप्पा, बास आता. आत तुमच्या कांड्या हायत ना?" तनुजा हळूच म्हणाली.

"असू दे गं," म्हणत त्यानं कॅन पार आडवा केला.

घरी येऊन कॅनमध्ये पट्टी बुडवली, तर कोरडी ठणठणीत. नायट्रोजनची गाडी दोन दिवसांनी आली. एकदा वितळलेली कांडी मेली, हे तर त्याला पहिल्याच धड्यात शिकवलेलं. फेकून द्यायच्या होत्या. पण फेकल्या तर वरच्या साहेबाला कारण सांगावं लागणार, आणि काय सांगणार, टाळ्यांसाठी ओतला? त्यानं मुकाट कॅन भरून घेतला. कांड्या पुन्हा गारठल्या, दिसायला जशाच्या तशा. एखादी जगलीही असेल, असं त्यानं मनाला समजावलं. माणसानं स्वतःला फसवायचं म्हणजे तरी किती!

छावणीत मनकर्णाबाईची गाय माजावर आली. म्हातारीची ती एकच गाय. पुढच्या वर्षी घरात दूध दिसायचं तर ती गाभण राहायला हवी होती. बद्रीनाथनं भरवली. तीन आठवड्यांनी गाय उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. पुन्हा भरवली, पुन्हा उलटली. तिसऱ्यांदाही त्यानं त्याच कॅनमधली कांडी काढली.

त्याही वेळी गाय उलटली, तेव्हा ओशाळली ती मनकर्णाबाईच. "डॉक्टर, चूक माझी हाय. चारा पुरत नाय तिला. माझ्यातली भाकर घालते, तरी कमीच पडतंय. तुमची मेहनत वाया गेली बघा."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं त्याला. आणि तरी तो काय म्हणाला? "व्हतंय असं, मावशी. उन्हाळाच वाईट हाय."

शेवटी तिनं गाय पाचोडच्या बाजाराला काढली, आणि डॉक्टरला सोबत चला म्हणाली. त्याला नाही म्हणायला तोंड नव्हतं. कडूबा नावाच्या गिऱ्हाईकानं गाय निरखली, पाठीवर थाप मारली, कासरा हातात घेतला. तेवढ्यात बाईच बोलली, "आधीच सांगते, दादा. तीनदा भरवली, गाभण राहत नाय. खोटं बोलून तुमच्या गळ्यात मारायची नाय मला. हे डॉक्टर संगंच हायत, इचारा त्यास्नी."

कडूबा वळला. "व्हय का, डॉक्टर?"

नुसती मान हलवायची होती. बद्रीनाथची मान हलेना.

"गाय चांगली हाय," तो म्हणाला. "कांड्या मेलेल्या व्हत्या. मला ठावं व्हतं." मग भर बाजारात, खाली बघत, त्यानं प्रदर्शनापासूनचं सगळं सांगून टाकलं.

मनकर्णाबाईनं गायीच्या मानेवरून हात फिरवला. "अन् मी हिलाच बोल लावीत व्हते," ती म्हणाली. मग विचारलं, "ते यान तरी उडलं का तुमच्या पोरीचं?"

"नाय, मावशी. टेबलावरच दाखवायचं व्हतं ते. तिनं तर वाटीभरच मागितला व्हता. बाकीचा मीच ओतला."

तिनं कडूबाच्या हातून कासरा घेतला आणि गाय परत फिरवली. बद्रीनाथ सवयीनं मागं निघाला, तशी ती थांबली.

"तुम्ही नका येऊ संगं," ती म्हणाली. "तुम्हाला बघून बिचकती ती आता."